कापसाच्या गावात लाकडाचा लगदा कशाला?

तुम्ही विचारलंत म्हणून लिहिते. हा प्रश्न मला हळदीकुंकवाला विचारतात, बँकेत विचारतात, आणि आमच्या बचत गटाचं सॅनिटरी पॅडचं युनिट बघायला आलेला पाहुणा तर चपला काढता काढताच विचारतो. शब्द वेगळे असतील, पण मुद्दा तोच : "चारही बाजूनं कपाशी उभी हाय, अन् तुम्ही अमेरिकेतल्या झाडाचा लगदा मागवता? आपल्या कापसाले काय झालं वो ताई?"

वणी तालुक्यात राहून हा प्रश्न टाळता येत नाही. आणि लग्नाआधी मी पेपर मिलच्या लॅबमध्ये लगदा तपासत होते हे गावाला ठाऊक आहे, त्यामुळे "मला नाही माहीत" म्हणायची सोयही नाही.

तर, कापसाला काहीही झालेलं नाही. पॅडचं काम वेगळं आहे. पॅडमध्ये ओल राहते ती बहुतेक तंतूंच्या मधल्या पोकळ्यांत. सेल्युलोजची घनता पाण्याच्या साधारण दीडपट. म्हणजे दहा ग्रॅम सेल्युलोज ठेचून ठोस वडी केली, तर ती सात घनसेंटिमीटरसुद्धा भरत नाही. तेच दहा ग्रॅम नीट पिंजलं की ओंजळीत मावत नाही. वाढला तो सगळा हवेचा पसारा, आणि ओल आत आली की तीच जागा घेते. आता खरी परीक्षा पुढे : ओलं झाल्यावर, वर माणूस बसल्यावर, तो पसारा टिकतो का?

विश्वास नसेल तर दोन पेले पाणी घ्या. एकात बोंडातून नुकताच वेचलेला कापूस टाका. तो तरंगतो, कारण तंतूवर मेणाचा पातळ थर असतो. दवाखान्यातला कापूस पाणी ओढतो, कारण तो कॉस्टिक सोड्यात उकळून, ब्लीच करून तो मेण काढलेला असतो. दुसऱ्या पेल्यात हा दवाखान्यातला टाका, लगेच बुडेल. बाहेर काढून चिमटीत दाबा आणि सोडा. गोळा झाला तो झाला, पुन्हा फुगत नाही. कापसाचा तंतू लांब, बारीक आणि मऊ, ओला झाला की लोळण घेतो. सूत कातायला हाच गुण सोन्यासारखा, इथं तोच आडवा येतो. शिवाय लांबीचा घोटाळा आहे. रुईचा धागा २५-३० मिलिमीटरचा, आणि आमच्या मशीनमध्ये फिरती पाती. कापूस टाकला की पात्यांच्या दांड्याला वेटोळं घालून बसतो, मग मशीन बंद करून ब्लेडने कापत बसा. आणि एवढं करून रुईचा किलोचा भाव लगद्यापेक्षा सहसा चढाच असतो.

लाकडाचा तंतू याच्या उलट. अमेरिकेच्या आग्नेय भागात लॉबलॉली नावाचा पाइन होतो, त्याचा तंतू जवळपास तीन मिलिमीटर लांब. पिंजताना गुंतत नाही इतका आखूड आणि एकमेकांत अडकून जाळं धरेल इतका लांब. तो आतून पोकळ असतो. पपईच्या पानाचा देठ पाहिला असेल, हिरवा असताना नळीसारखा गोल, वाळला की चपटी पट्टी. लाकडाचे पातळ भिंतीचे तंतू वाळताना असेच चपटे होतात, एकमेकांना चिकटतात आणि त्यातून मजबूत, गुळगुळीत कागद होतो. पण या पाइनमध्ये हंगामाच्या शेवटी वाढलेल्या लाकडाचे तंतू जाड भिंतीचे असतात. ते चपटे व्हायला राजी नसतात. गुळगुळीत छपाईच्या कागदाला हा खडबडीतपणा नको असतो, पॅडला आणि डायपरला तोच हवा असतो.

लाकडाचा लगदा इथं कापसाची जागा घेऊ शकतो हे लक्षात आलं तेही कापसाच्या टंचाईतून. पहिल्या महायुद्धात जखमांवर बांधायला कापूस पुरेना, तेव्हा अमेरिकेतल्या किंबर्ली-क्लार्क कंपनीने लाकडाच्या लगद्याचं 'सेल्युकॉटन' नावाचं भरण बनवलं. आघाडीवरच्या नर्स त्याचा आणखी एक उपयोग आपापसांत करू लागल्या, आणि १९२० मध्ये त्याच मालाचे 'कोटेक्स' पॅड बाजारात आले. आपल्याकडे कोइंबतूरच्या अरुणाचलम मुरुगनंतम यांनीही सुरुवात कापसापासूनच केली होती. त्यांचे पॅड गळत. कंपन्यांच्या पॅडमधला पांढरा भुसा कापूस नसून पाइनच्या लाकडाचं सेल्युलोज आहे, हे कळायला त्यांची काही वर्षं गेली. कळल्यावर मात्र त्यांनी लहान मशीन बनवली, आणि आमच्यासारख्या गटांची दारं उघडली. त्यांना २०१६ साली पद्मश्री मिळाली, ती मला घरच्या माणसाला मिळाल्यासारखी वाटली.

आता लाकडापासून हा भुसा होतो कसा. बल्लारपूरकडच्या लोकांना हे नाकाने माहीत आहे. तिथली पेपर मिल १९४५ सालची, चांद्याच्या, म्हणजे चंद्रपूरच्या, जंगलातल्या बांबूवर उभी राहिलेली. वारा फिरला की येणारा तो कुजक्या कोबीचा वास गंधकाच्या संयुगांचा. लाकडाच्या किंवा बांबूच्या चिपा कॉस्टिक सोडा आणि सोडियम सल्फाइडच्या द्रावात १६०-१७० अंशांवर दाबाखाली शिजवतात. लाकडात ४०-४५ टक्के सेल्युलोज असतं, आणि तंतूंना एकमेकांशी घट्ट धरणारं लिग्निन २०-३० टक्के. शिजवताना लिग्निन विरघळतं, तंतू सुटे होतात. शंभर किलो सुक्या लाकडातून निम्माच लगदा हाती लागतो, ब्लीच केल्यावर त्याहून कमी. उरलेलं सगळं शिजवण्याच्या द्रावात उतरतं आणि तो काळा होतो, त्यालाच काळा द्राव म्हणतात.

दुसरी रीत आहे, तिच्यात शिजवणं नाममात्र. चिपा वाफवायच्या, थोड्या रसायनाने नरमवायच्या आणि दोन खाचेदार चकत्यांमध्ये रगडायच्या. लिग्निन आतच राहतं, म्हणून लगदा नव्वद टक्क्यांच्या आसपास निघतो, तंतूही ताठ आणि फुगीर राहतात. औषधाच्या, साबणाच्या खोक्यांचा पुठ्ठा सोलून पाहा : बाहेरचे थर पांढरे आणि मधला थर जरा पिवळट दिसला, तर तो बहुधा हाच माल. पुठ्ठ्याची जाडी दुप्पट केली की ताठपणा आठपट होतो, म्हणून वजन न वाढवता फुगवटा देणाऱ्या लगद्याला कारखाने टपलेले असतात. दोष एकच, लिग्निन उन्हात पिवळं पडतं. खिडकीत राहिलेलं वर्तमानपत्र चार दिवसांत कसं होतं ते आपण बघतोच.

आमच्याकडे येतो तो पहिल्या रीतीचा, ब्लीच केलेला लगदा, जाड पांढऱ्या पुठ्ठ्यासारख्या शीटच्या रूपात. ही शीट मुद्दाम कच्ची ठेवलेली असते, तंतू एकमेकांना फार घट्ट धरणार नाहीत अशी, म्हणजे पिंजायला सोपी. बायका ती हाताने फाडून तुकडे ड्रममध्ये टाकतात, झाकण लावतात, बटण दाबतात. थोड्या वेळात झाकण उघडलं की आत पांढरा फुफाटा. मग तो वजन करून साच्यात भरायचा आणि पेडल दाबायचं. सगळं कसब या दोन जागांवर आहे. पिंजण्यात कमी पडलं तर न फुटलेल्या गाठी राहतात, तिथून ओल सरळ खाली उतरते. जास्त पिंजलं तर तंतू तुटून पीठ होतं, पसारा जातो. पेडलचंही तसंच. आमच्या गटातली एक काकू पूर्वी ऊस तोडायला जायची, तिच्या पायाखालचा पॅड पापडासारखा पातळ निघतो, म्हणून तिला आम्ही पाकिटं सील करायला बसवलं आहे. ती म्हणते, "माह्या पायात जोर हाय तं त्यात माही काय चुकी?"

हवामानाचा जाच वेगळाच. मे महिन्यात बाहेर ४५-४६ अंश आणि हवा अशी कोरडी की लगद्यातली सगळी ओल उडते. मग स्थिर वीज धरते. भुसा ड्रमच्या भिंतीला, हाताला, पापण्यांना चिकटतो, साच्यात काही पडत नाही. त्या दिवसांत आम्ही कूलर माणसांसाठी लावतो असं म्हणतो, पण त्याचं तोंड मशीनकडे असतं. श्रावणात याच्या उलट, शीट सादळते आणि फुटायचं नाव घेत नाही.

मोठ्या कंपन्यांच्या डायपरमध्ये आणखी एक करामत असते. लगद्याला सायट्रिक आम्लासारखं आम्ल लावतात (लिंबाच्या आंबटपणातलं तेच), सुटा करतात आणि मग चांगला तापवतात. आम्ल तंतूच्या भिंतीत आतल्या आत टाके घालतं. तंतू वळलेला, पिळलेला असतो तसाच कायम होतो, आणि ओला झाला तरी स्प्रिंगसारखा उभा राहतो. न चुरगळणारा सुती शर्ट याच रसायनशास्त्रावर चालतो. असा तंतू स्वतः फार ओल धरत नाही. त्याचं काम वरून आलेलं पाणी पटकन आत घेऊन पसरवणं आणि खालच्या थराला वेळ देणं. खालच्या थरात लगद्यासोबत पाणी शोषून जेल होणारी सोडियम पॉलिअ‍ॅक्रिलेटची पूड असते, म्हणून हल्लीचे डायपर पातळ दिसतात. आमच्या युनिटमध्ये हा टाके घातलेला तंतू नाही, तो परवडत नाही. मात्र पाकिटावर बोंडाचं चित्र छापून आत पाइन भरणाऱ्यांचा मला राग येतो. आमच्या पाकिटावर 'लाकडी लगदा' असं सरळ लिहिलं आहे, आणि त्यापायी कुणी पाकीट परत ठेवलेलं मी पाहिलेलं नाही.

एकदा हे सगळं पारावर सांगून झालं, तेव्हा एका काकाजींनी विचारलं, मग आमचा कापूस नुसता कापडालेच का? मी म्हटलं, खिशातली नोट काढा. आपल्या नोटांचा कागद कापसाचा असतो, लाकडाचा नाही, म्हणून तर ती घामात, धुण्यात टिकते. काकाजींनी शंभराची नोट उलटसुलट करून पाहिली आणि म्हणाले, "नोट टिकते म्हंता, आमच्यापाशी तं टिकत नाही बाप्पा."

याच्या मागोमाग येणारा प्रश्न तरुण पोरांचा : पऱ्हाटीपासून, म्हणजे कपाशीच्या वाळल्या झाडांपासून, लगदा का करू नये? वेचणी संपली की शेतोशेती पऱ्हाटी उभी असते. चुलीत जाते, नाहीतर बांधावर जळते. ठेवली तर बोंडअळीला पुढच्या हंगामापर्यंत आसरा. लगदा होतो, नाही असं नाही. पण तंतू जेमतेम एक मिलिमीटरचा, निलगिरीच्या पंक्तीतला, पुठ्ठ्याला बरा. वर साल, आतला भेंड आणि माती यांची कटकट. बांबू जरा बरा, तंतू दोन मिलिमीटरच्या आसपास, पण त्यात सिलिका असते, ती काळ्या द्रावात उतरून मिलच्या नळ्यांत खपली धरते. बांबूचा प्रश्न आमच्याकडे नुसता तंतूचा नाहीच म्हणा. तो कुणी तोडायचा आणि कुणी विकायचा यावर गडचिरोलीत वर्षानुवर्षं भांडण झालं. मेंढा-लेखा गावाला सामूहिक वनहक्क २००९ साली मिळाला, आणि बांबूचा वाहतूक परवाना ग्रामसभेच्या हातात यायला २०११ उजाडलं.

पण पऱ्हाटीवाल्या पोरांना मी अडवते ती तंतूच्या लांबीवरून नव्हे. अडवते ती काळ्या द्रावावरून. मोठ्या मिलमध्ये तो द्राव आटवून बॉयलरमध्ये जाळतात. त्यातून वाफ मिळते, वीज मिळते आणि शिजवायला वापरलेलं रसायन बहुतांश परत मिळतं. हा रिकव्हरी बॉयलर काही कोटींच्या खालची गोष्ट नाही, आणि लहान युनिटला तो कधीच परवडत नाही. मग कॉस्टिक आणि लिग्निन जाणार कुठे? नाल्यात, नाल्यातून वर्धा नदीत. प्रकल्प अहवालात 'सांडपाणी व्यवस्थापन' अशी एक ओळ असते आणि पुढे रिकामी जागा. एक पोरगा सबसिडीची फाइल घेऊन आला होता, त्याला ती ओळ मी पेनाने गोल करून दिली.

गावपातळीवर तंतूचं काही करायचंच असेल तर लाकडापासून सुरू करू नका, चिंध्यांपासून करा. गांधीजींच्या ग्रामोद्योग संघाने १९३४ नंतर वर्ध्याला मगनवाडीत हातकागद हाती घेतला, त्यामागे हे साधं गणित होतं. सुती चिंधी म्हणजे जवळजवळ निव्वळ सेल्युलोज, लिग्निन काढायची भानगडच नाही. बीटरमध्ये पाण्यात कुटायची, चाळणीवर उचलायची, वाळवायची. शिंप्याच्या दुकानाखालची कात्रणंही चालतात, फक्त त्यात पॉलिस्टर नको, ते कुटलं जात नाही आणि कागदावर केसासारखं उभं राहतं. आता आमच्याकडे येणाऱ्या कात्रणांत सुती किती आणि मिसळीची किती, हे आधी निवडून बघावं लागेल. फाइलवाल्या पोराला मी तेवढंच काम दिलं आहे : तालुक्यातल्या शिंप्यांकडची एक-एक पिशवी आण, एक-एक धागा जाळून बघ. राख झाली तर कापूस, मणी झाला तर पॉलिस्टर. बीटरची किंमत नंतर विचारू.