टेन्शन होतं का? होतं.

"तेव्हा तुम्हाला खूप टेन्शन होतं का हो?" ब्रेस्ट कॅन्सर झाला होता म्हटलं की बायका आवाज खाली करून हेच विचारतात. तर हो, होतं. सासूबाई अंथरुणाला खिळलेल्या, ह्यांची कंपनी बंद पडायच्या बेतात, लेकीची 'नीट'ची दुसरी खेप. पण आमच्या बिल्डिंगमधल्या निम्म्या घरांत थोड्याफार फरकानं हेच चालू होतं. शिवाय एक सेंटिमीटरची गाठ म्हणजे साधारण शंभर कोटी पेशी. एवढ्या जमायला बहुतेक वेळा कित्येक वर्षं जातात. त्यातल्या कुठल्या वर्षाचं टेन्शन हिशोबात धरू?

तरी वाचून काढलं. ब्रिटनमधल्या 1,06,000 बायकांचा 2016 चा अभ्यास आहे. आपल्याला जास्त ताण असतो असं सांगणाऱ्यांत हा आजार जास्त सापडला नाही. फिनलंडचा 2003 चा मात्र उलट बोलतो: घटस्फोट, नवऱ्याचा मृत्यू असल्या धक्क्यांनंतर धोका वाढलेला दिसला. मी काही सोयीचं तेवढंच सांगणाऱ्यांतली नाही.

केमो चालू असताना नात्यातल्या एक मावशी शहाळी घेऊन भेटायला आल्या. टेकल्या टेकल्या म्हणाल्या, "पोरीच्या ॲडमिशनचं फार मनाला लावून घेतलंस गं. आत साठत जातं ते." पोरगी ओट्याशी शहाळ्याचं पाणी गाळत होती. मी बघितलं, पेला भरून पाणी ओट्यावरून खाली ठिबकायला लागलं तरी तिचा हात तसाच धरलेला. बोलली काही नाही. त्या दिवसापासून मात्र भलतीच शहाण्यासारखी वागायला लागली. भांडण नाही, हट्ट नाही, काही विचारलं की "सगळं मस्त, आई." पुढे तिच्या मैत्रिणीच्या आईकडून कळलं की हिनं क्लास केव्हाच सोडलाय. रोज डबा घेऊन निघते, लायब्ररीत बसते आणि संध्याकाळी वेळेवर घरी येते. मी विचारलं तर म्हणाली, "सांगितलं असतं तर तुला परत टेन्शन आलं असतं. आणि परत झालं असतं."

परत झालं असतं! मी तिला तशीच डॉक्टरांकडे घेऊन गेले. ते म्हणाले, "बाळ, तुझ्या मार्कांनी आईच्या पेशी बिघडत नाहीत." तिनं मान हलवली. पटलं की नाही, मला अजून माहीत नाही. माझे फॉलोअपचे रिपोर्ट यायचे असले की अजूनही ती स्वतःच्या कटकटी सांगायचं बंद करते.

आता जे मला आवडत नाही तेही सांगते. 2010 मध्ये कॅलिफोर्नियातल्या संशोधकांनी स्तनाचा कॅन्सर असलेल्या उंदरांना रोज अरुंद जागेत कोंडून ठेवलं. (आमची डोंबिवली फास्ट काही त्याहून ऐसपैस नसते.) मूळ गाठ फारशी वाढली नाही, पण फुफ्फुसांत आणि लिम्फ नोड्समध्ये आजार 30 पट पसरला. ताणात सुटणाऱ्या संप्रेरकांमुळे मॅक्रोफेज नावाच्या रोगप्रतिकारक पेशी गाठीत गोळा होतात आणि पसरायला हातभार लावतात. ब्लड प्रेशरचं जुनं औषध, प्रोप्रॅनोलॉल, दिल्यावर हे पसरणं रोखलं गेलं. बायकांवर त्याचे छोटे प्रयोग झालेत, नेहमीच्या उपचारांत ते अजून नाही. म्हणजे टेन्शननं कॅन्सर होतो असं नाही, पण झालेल्या कॅन्सरशी त्याचं काही देणंघेणंच नाही, असंही छातीठोकपणे म्हणता येत नाही. हे वाचलं त्या रात्री मला झोप लागली नाही, आणि झोप लागत नाही याचंही टेन्शन आलं.

पहिल्या वर्षी मीच सगळ्यांना सांगत होते, टेन्शनमुळे झालं. त्यात सोय होती: टेन्शन सोडलं की सुटले. "पॉझिटिव्ह राहा" म्हणणाऱ्यांचंही पटायचं. 1989 मध्ये स्टॅनफर्डच्या डेव्हिड स्पीगल यांना आढळलं होतं की आजार पसरलेल्या 86 बायकांपैकी आधारगटात, म्हणजे एकत्र बसून मन मोकळं करायच्या गटात, जाणाऱ्या जवळपास दुप्पट काळ जगल्या. 2007 मध्ये त्यांनीच तो प्रयोग पुन्हा करून बघितला, तेव्हा एकूण आयुष्य वाढलेलं दिसलं नाही. प्राणायाम मी अजून करते, बरं वाटतं म्हणून. पण ती पहिल्या वर्षातली मी अधूनमधून विचारतेच, मग उंदरांचं काय? तिला काय सांगायचं ते मला सुचत नाही.

तुम्हाला विचारायचंच असेल तर खुशाल विचारा. फक्त मला बाजूला घेऊन विचारा, लेकीसमोर नको.