'हेवन सेंट': एकटा नट, दोन अब्ज वर्षं आणि एक घड्याळ

(पुढे सगळा उलगडा आहे. भाग पाहिला नसेल तर आधी पाहून या.)

'डॉक्टर हू' या ब्रिटिश विज्ञानकथा मालिकेच्या नवव्या सीझनमधला अकरावा भाग 'हेवन सेंट' २८ नोव्हेंबर २०१५ रोजी प्रसारित झाला. लेखन स्टीव्हन मॉफॅटचं, दिग्दर्शन रेचल टलालेचं, आणि जवळजवळ सगळा वेळ पडद्यावर फक्त डॉक्टर झालेला पीटर कपाल्डी. समुद्रातल्या एका किल्ल्यात तो अडकला आहे आणि एक प्राणी त्याच्या मागावर आहे. काटेकोरपणे पाहिलं तर हा एकपात्री प्रयोग नाही. बुरख्यातला हा मुका प्राणी, 'व्हेइल', जेमी रीड-क्वारेलने केला आहे आणि जेना कोलमनची क्लारा, म्हणजे डॉक्टरची सहप्रवासी, हीही क्षणभर येऊन जाते. पण बोलायचं काम जवळजवळ एकट्या कपाल्डीचं.

एकपात्री लिहिणाऱ्याला पहिली अडचण येते ती श्रोत्याची. खोलीत कोणी नसताना माणूस मोठ्याने का बोलेल? याचं उत्तर न देता लिहिलेलं स्वगत म्हणजे प्रेक्षकाला दिलेली माहितीपत्रिका. इथे डॉक्टर क्लाराशी बोलतो. ती आधीच्याच भागात मेली आहे, त्यामुळे हे बोलणं म्हणजेच त्याचा शोक. संकटात तो मनातल्या टार्डिसमध्ये (टार्डिस म्हणजे त्याचं कालयान) शिरतो. तिथे क्लारा पाठमोरी उभी असते आणि फळ्यावर खडूने प्रश्न लिहिते: ही जागा कोणती, तू असं काय बोललास की तो प्राणी थांबला, तू जिंकणार कसा. शेवटाकडचा एक क्षण सोडला तर ती बोलत नाही, म्हणून संवादाचा तोल ढळत नाही, पण प्रश्न विचारणारं कोणीतरी मिळतं. खिडकीतून समुद्रात उडी मारल्यावरचा सगळा हिशेब (खारा वास, आधी फेकलेलं स्टूल, पडायला लागलेला वेळ) तो याच खोलीत उलगडून सांगतो. खाली पडायला काही सेकंदच लागतात, पण सांगायला हवा तेवढा वेळ मिळतो. ही युक्ती मला या भागातली सगळ्यात हुशार वाटते.

दुसरी अडचण घाईची. व्हेइल कधीच पळत नाही, पण थांबतही नाही. किल्ल्याच्या एका टोकाला त्याला ओढून नेऊन दुसऱ्या टोकाला गेलं की जास्तीत जास्त ८२ मिनिटं मिळतात. झोप, जेवण, खोदकाम सगळं त्यातच. भिंतींवरच्या पडद्यांवर व्हेइलला समोर जे दिसतं ते दिसतं, आणि माश्यांची घोंघों आधी ऐकू येते. त्यामुळे तो चौकटीत नसतानाही किती जवळ आला ते कळतं. खरं बोललं, म्हणजे आजवर न दिलेली कबुली दिली, तरच तो थांबतो. म्हणून स्वगतातल्या प्रत्येक कबुलीची किंमत ठरलेली आहे, आणि कबुल्या संपत आल्या की वेळही संपत येतो.

मग १२ नंबरची खोली. बाहेर पडायच्या वाटेवर ॲझबँटियमची २० फूट जाडीची भिंत, हिऱ्याच्या ४०० पट कठीण. डॉक्टर तिच्यावर मुठीने मारतो, व्हेइल त्याला भाजतो, आणि तो दीड दिवस रखडत टेलिपोर्टपर्यंत, म्हणजे ज्या यंत्रातून तो किल्ल्यात आला त्याच्यापर्यंत, पोहोचतो. तिथे स्वतःचंच शरीर इंधन म्हणून जाळून यंत्रात साठवलेली आपली जुनी प्रत नव्याने घडवतो. ती प्रत सगळं पहिल्यापासून सुरू करते, आणि अशा फेऱ्या चालूच राहतात. ताऱ्यांच्या जागांवरून आधी ७,००० वर्षं उलटलेली कळतात, मग १२,०००, ६ लाख, २ कोटी, शेवटी २ अब्ज. पुढच्या 'हेल बेंट' या भागात एकूण आकडा साडेचार अब्ज सांगितला आहे.

आकडेमोड करून पाहा. २० फूट म्हणजे सुमारे ६.१ मीटर. साडेचार अब्ज वर्षांनी भागलं तर वर्षाला १.३६ नॅनोमीटर. हिऱ्यात शेजारच्या कार्बन अणूंमधलं अंतर ०.१५४ नॅनोमीटर असतं. एक फेरी पंधरवड्याची धरली तरी प्रत्येक वेळी एका अणूइतकीही खोली सरासरीने वाढत नाही. म्हणजे बहुतेक फेऱ्यांत त्याने काहीच साध्य केलेलं नाही, आणि ते त्याला समजतही नाही.

हा भाग जमतो तो संकलनात. पहिली फेरी सावकाश, सगळे तपशील दाखवत. नंतरच्या फेऱ्या आखूड होत जातात, आणि प्रत्येक ठोशासोबत ग्रिम बंधूंच्या मेंढपाळ पोराच्या गोष्टीतली दोन-चार वाक्यं पुढे सरकतात. त्या गोष्टीत हिऱ्याच्या डोंगरावर दर शंभर वर्षांनी एक पक्षी चोच घासून जातो. वाक्य एका आयुष्यात सुरू होतं आणि दुसऱ्यात पुरं होतं. संगीतकार मरी गोल्डची 'द शेपर्ड्स बॉय' ही धून खालून चढत जाते. पुनरावृत्ती पूर्ण दाखवली असती तर दुसऱ्याच फेरीला प्रेक्षक उठून गेला असता. उडी मारून थेट शेवट दाखवला असता तर साडेचार अब्ज हा नुसता आकडा राहिला असता.

दुसऱ्यांदा पाहताना पहिलाच प्रसंग नीट बघा. रक्ताळलेला हात खटका ओढतो आणि धूळ होतो. तो आधीच्या फेरीचा शेवट आहे. जमिनीवरची धूळ, तीत लिहिलेला 'पक्षी', समुद्रतळावरच्या कवट्या, सगळी त्याचीच बाकी.

तर्कात भोकं आहेतच. खोल्या काही काळाने पूर्ववत होतात, मग भिंतीवरचा खड्डा का बुजत नाही? ती भिंत किल्ल्याची नसून बाहेरचं दार आहे, हे चाहत्यांचं स्पष्टीकरण बऱ्यापैकी पटतं. शेकोटीपाशी वाळत घातलेल्या कपड्यांचं मात्र पटत नाही. प्रत्येक फेरीत तो आधीच्याने ठेवलेले कोरडे कपडे घालतो आणि स्वतःचे ओले तिथे ठेवतो. मग पहिल्या फेरीतल्या डॉक्टरने काय घातलं? एक तर ती फेरी वेगळी होती, नाहीतर पुढचा किल्ला तो उघड्यानेच हिंडला.