आमची वाटचाल: जेटीवरच्या हँडहेल्डपासून मनगटावरच्या घड्याळापर्यंत

गोव्यात बार्ज आणि ट्रॉलरांच्या हिशोबाचं ॲप करणाऱ्या आमच्या कंपनीला यंदा चवथीला सोळा वर्षं पुरी झाली. बरेच जण म्हणत होते लिहा काहीतरी, म्हणून लिहितोय. आणि 2020 ची गोष्ट इतकी वर्षं मनात साठून राहिलीय तीही लिहिणार आहे, कारण ती दुसरं कुणी लिहिणार नाही.

सुरुवात 2009 ची. डिचोलीत बाजाराच्या मागे एक खोली, मी आणि माझा पार्टनर. दोघेही फर्मागुडीच्या इंजिनिअरिंग कॉलेजचे, दोघांनाही पास्कल भाषेत प्रोग्राम लिहायच्या टर्बो पास्कलचं वेड. तेव्हा खाणी जोरात होत्या. सारमानस, आमोणे या जेटींवर ट्रकांची रांग, खाली खनिज वाहणाऱ्या बार्ज, मांडवीतून मुरगावला फेऱ्या, पावसाळ्यात आग्वादला मांडवीचं तोंड बंद झालं की कुंभारजुव्याच्या कालव्याने जुवारीत उतरून फेऱ्या. प्रत्येक फेरीची स्लीप हाताने लिहायची. आम्ही विंडोज सीईचे हँडहेल्ड, म्हणजे हातात मावणारे छोटे कॉम्प्युटर आणले, एक्सस्केल चिपवाले, आणि फेरीचा हिशोब त्यात घातला. पण दर बदलायचा, ओलाव्याची वजावट बदलायची, आणि प्रत्येक वेळी आम्ही स्कूटरवरून जेटीवर पळायचो. एकदा भर पावसात आमोण्याहून परत येताना पार्टनर म्हणाला, अरे हिशोबाचा नियम त्यांनाच लिहू दे की जेटीवर.

म्हणजे हँडहेल्डच्या आतच कंपायलर, लिहिलेल्या ओळींचा प्रोसेसरला कळणारा मशीन कोड करणारा प्रोग्राम. छोटंसं पास्कल, जेटीवरचा क्लार्क चार ओळी टाइप करणार, तिथल्या तिथे मशीन कोड तयार होणार आणि फेरी सुरू.

ज्यांनी कोड जनरेटर, म्हणजे कंपायलरचा मशीन कोड तयार करणारा भाग, हाताने लिहिलाय त्यांना वेगळं सांगायला नको. त्या चिपमध्ये दशांशाचं गणित करणारं हार्डवेअर नाही, भागाकाराची इन्स्ट्रक्शनसुद्धा नाही, भागाकार म्हणजे आपणच वजाबाक्या करत बसायचं रूटीन. म्हणून आम्ही सगळं किलोत आणि पैशांत पूर्णांकांवर ठेवलं. तर 2,000 टनांची बार्ज म्हणजे 20 लाख किलो, त्याला टनामागचा दर पैशांत गुणायचा, आणि 32 बिटमध्ये 214 कोटींच्या वर काही मावत नाही. पहिलंच बिल उणे आलं. मग 64 बिटचा गुणाकार घातला, दोन रजिस्टरांत, म्हणजे प्रोसेसरच्या आतल्या खणांत, अर्धा अर्धा. ते रूटीन पार्टनरने एका रात्रीत लिहिलं आणि 32 बिटच्या फोनांवर ते आजपर्यंत एक ओळ न बदलता चालतंय.

त्याने अजून एक गोष्ट केली जिच्यावरून आमचं भांडण झालं होतं. त्याचं म्हणणं, आधी बाइटकोड, म्हणजे मशीन कोडच्या अलीकडचा मधला कोड करू, त्याला चालवणारा छोटा इंटरप्रिटर लिहू, मशीन कोड नंतर. मला मशीन कोडच पाहिजे होता, मला वाटायचं त्याशिवाय त्याला कंपायलर म्हणायचं कशाला. शेवटी त्याने इंटरप्रिटर लिहिलाच, पण फक्त टेस्टिंगसाठी. प्रत्येक टेस्ट प्रोग्राम दोन्हीकडून चालवायचा, एकदा मशीन कोड, एकदा इंटरप्रिटर, आणि उत्तरं जुळवायची. जुळली नाहीत तर कोड जनरेटर चुकला. माझ्या मते हे प्रत्येकाने करावं, दोन वेगळ्या वाटांनी एकच उत्तर काढायचं, नाहीतर तुमच्या टेस्टला काही अर्थ नाही.

सप्टेंबर 2012 मध्ये खाणी बंद झाल्या. जेटी गप्प, बार्ज नांगरून गंजायला लागल्या, आमचे हँडहेल्ड कपाटात. पुढच्या वर्षी पार्टनर परदेशी नोकरीला गेला, घरात आजारपण होतं, मी त्याला कधी दोष दिला नाही आणि देणारही नाही. मी एकटाच अँड्रॉइडकडे वळलो कारण तोवर प्रत्येक खलाशाच्या खिशात स्वस्तातला का होईना पण स्मार्टफोन आला होता.

अँड्रॉइडवरचा पहिला महिना फार वाईट गेला. कॉम्प्युटरवर फोनचं सोंग घेणाऱ्या एम्युलेटरमध्ये सगळं चोख चालायचं, खऱ्या फोनवर दहातल्या दोन वेळा ॲप मरायचं. रजिस्टर तपासले, स्टॅक म्हणजे प्रोग्रामची तात्पुरती मेमरी तपासली, काहीच नाही. शेवटी कळलं ते असं: आपण मेमरीत ताजा कोड लिहितो तो जातो डेटा कॅशमध्ये (कॅश म्हणजे प्रोसेसरजवळची झटपट मेमरी), आणि प्रोसेसर चालवायला वाचतो तो इन्स्ट्रक्शन कॅशमधून, फोनांतल्या एआरएम जातीच्या प्रोसेसरवर या दोघांचा आपोआप ताळमेळ होत नाही. आपण मुद्दाम सांगावं लागतं की बाबा जुनं फेकून दे. विंडोज सीईवर पार्टनरने ती एक ओळ घातली होती, मी नवीन पोर्ट करताना ती गाळली. एम्युलेटर बिचारा असल्या कॅशचं सोंग आणत नाही म्हणून तिथे बग दिसणारच नाही. तेव्हापासून आमच्याकडे नियम आहे, बाजारात मिळणारा सगळ्यात स्वस्त फोन घ्यायचा आणि त्यावर चालल्याशिवाय बिल्ड बाहेर सोडायची नाही. नवीन पोरांना हे सांगितलं की ती मान हलवतात आणि परत एम्युलेटर उघडतात. कृपा करून उघडू नका. जुने फोनही विकू नका, आमच्या एका ड्रॉवरमध्ये ते सगळे आहेत, चार्जरसकट, प्रत्येकावर व्हर्जनची चिठ्ठी.

2014 ला अँड्रॉइड 5 आलं, पीआयई नसलेला प्रोग्राम चालायचा बंद झाला, म्हणजे प्रोग्राम मेमरीत कुठेही ठेवला तरी चालला पाहिजे, आपले पत्ते पक्के नकोत. पंधरा दिवसांत ते केलं. त्यानंतरची चार-पाच वर्षं बरी गेली.

मार्च 2018 मध्ये खाणी परत थांबल्या आणि इथे मला आमोण्याच्या काकांबद्दल लिहिलंच पाहिजे. काकांच्या दोन बार्ज. 2009 चं ते उणे बिल त्यांचंच होतं, रागावले नाहीत, कागद घेऊन बसले आणि आम्हाला बोटीचा हिशोब कसा असतो ते शिकवलं. 2012 ची बंदी आली तेव्हा त्यांच्याकडे एकही फेरी नव्हती तरी वर्षाच्या मेंटेनन्सचा चेक वेळेवर आला. मी घ्यायला नको म्हणालो तर म्हणाले, "तूं दुकान बंद केलें जाल्यार मागीर हांव कोणाक विचारूं?" (तू दुकान बंद केलंस तर मग मी कुणाला विचारू?) 2018 नंतर त्यांनी मालीमच्या जेटीवर भाच्याच्या ट्रॉलरांचं काम बघायला घेतलं, बर्फ, डिझेल, माशांचे क्रेट, आणि सोबत आमचं ॲप तिकडे नेलं. मालीमला आमची जी काही गिऱ्हाईकं झाली ती त्यांच्या तोंडच्या शब्दावर झाली.

आता 2019. ऑगस्टपासून प्ले स्टोअरवर 64 बिट सक्तीचं झालं. म्हणजे माझा सगळा जुना कोड जनरेटर बाजूला आणि नवीन लिहायचा. मी सात-आठ महिने दुसरं काही केलं नाही. 64 बिटच्या एआरएमवर भागाकाराची इन्स्ट्रक्शन आहे, रजिस्टर भरपूर आहेत, पण स्टॅक सोळा बाइटच्या हिशोबातच ठेवावा लागतो, आठने सरकवला की त्यावरून वाचताक्षणी प्रोग्राम मरतो. ते सगळं निस्तरलं, टेस्ट सगळ्या हिरव्या झाल्या, मी घरी पेढे नेले.

आणि सप्टेंबरला अँड्रॉइड 10 आलं. त्यात नवीन नियम, ॲपच्या स्वतःच्या लिहिता येणाऱ्या फोल्डरातली फाइल प्रोग्राम म्हणून चालवता येणार नाही. जिथे लिहाल तिथून चालवायचं नाही. नियमाचं कारण मला पटतं, बाहेरून कोड आणून चालवणारी वाईट ॲपं त्याने अडतात. पण आमचं ॲप म्हणजे तेच, फाइल लिहायची आणि चालवायची! एपीआय 29 वर, म्हणजे अँड्रॉइड 10 च्या नियमांवर, टार्गेट करून बिल्ड चालवली, 'परमिशन डिनाइड'. नवीन लिहिलेला 64 बिटचा कोड फोनमध्ये बसलेला, बरोबर असलेला, आणि त्याला हात लावता येत नाही. 2 नोव्हेंबर 2020 पासून जुन्या ॲपचं अपडेटसुद्धा 29 ला टार्गेट केल्याशिवाय टाकता येणार नव्हतं. अनेकांनी सांगितलं की स्टोअर सोडा, बाहेरून एपीके, म्हणजे ॲपची फाइल द्या, 28 वरच राहा. पण एका जागी अडकून किती दिवस काढणार, आणि फोन बदलला की खलाशाला ती एपीके टाकून कोण देणार.

वर्ष 2020 कसलं होतं ते सगळ्यांना माहीत आहे. ट्रॉलरवरचे कामगार गावी गेलेले, पैसे येत नव्हते. त्यातच शहरात मोठं ऑफिस असलेल्या एका कंपनीने, नाव लिहीत नाही, आमच्या प्रत्येक गिऱ्हाइकाला भेटून सांगितलं की यांचं ॲप नोव्हेंबरला मरणार. आमची गिऱ्हाइकांची यादी त्यांच्याकडे कशी गेली ते मला माहीत आहे, आमच्याकडचा एक मुलगा जूनमध्ये त्यांच्याकडे लागला. ते देत होते ते सगळं सर्व्हरवर, नियम तिकडे चालणार, फोन फक्त दाखवणार. मांडवीच्या तोंडातून बाहेर पडल्यावर रेंज कुठे असते हे त्यांनी कुणाला सांगितलं नाही. अर्ध्याहून जास्त गिऱ्हाईकं दोन महिन्यांत गेली. ते गेले म्हणून नाही, धंद्यात गिऱ्हाईक जातं. मला आजही लागतं ते वेगळंच. त्यांच्या छापील ब्रोशरमध्ये जो स्क्रीनचा फोटो होता तो आमच्या ॲपचा होता. आमचा क्रेट मोजायचा नियम, मी घातलेली व्हेरिएबलची नावं, सगळं जसंच्या तसं, फक्त वरची पट्टी वेगळ्या रंगाची. मी फोन केला तर म्हणाले, नमुन्याचा फोटो आहे, एवढं काय. माफी नाही, काही नाही. तो ब्रोशर मी प्लास्टिकच्या फोल्डरमध्ये जपून ठेवलाय.

ऑक्टोबरात एका रात्री टेस्ट चालवत बसलो होतो, कशासाठी ते मलाही सांगता येणार नाही, आणि स्क्रीनवर नेहमीसारखे दोन कॉलम आले. डावीकडे मशीन कोड, सगळं लाल, परमिशन डिनाइड. उजवीकडे पार्टनरचा इंटरप्रिटर, सगळं हिरवं. तो फाइल चालवतच नाही ना, फाइल वाचतो. बाइटकोड म्हणजे त्याच्या दृष्टीने नुसता डेटा. अकरा वर्षं तो बाजूला उभा राहून माझ्या कोडची उत्तरं तपासत होता आणि मी त्याच्याकडे बघितलं नव्हतं. मी तिकडे रात्र आहे की दिवस न बघता पार्टनरला फोन लावला. तो एवढंच म्हणाला, स्टॅक ओव्हरफ्लोची तपासणी घातलेली नाही तेवढी घाल.

कंपायलर स्वतः ॲपच्या पॅकेजमधल्या लायब्ररीच्या फोल्डरात टाकला, ते फोल्डर इन्स्टॉल होताना भरतं आणि नंतर त्यात कुणालाच लिहिता येत नाही म्हणून तिथून चालवायला परवानगी आहे. गिऱ्हाइकाचा प्रोग्राम बाइटकोड झाला आणि वेगळ्या प्रोसेसमध्ये चालायला लागला, तो कोसळला तरी ॲप उभं राहतं. वेग कमी झाला, खोटं बोलणार नाही, पण क्रेट मोजायला तेवढा वेग लागत नाही. अपडेट नोव्हेंबर संपायच्या आत स्टोअरवर गेलं. काका त्याआधीच येऊन दोन वर्षांचे पैसे एकदम ठेवून गेले होते. मी म्हटलं अजून चालत नाहीये. तर म्हणाले, "फाल्यांचें फाल्यां पळोवया." (उद्याचं उद्या बघू.)

घड्याळाची कल्पनाही काकांचीच. बर्फाने आणि खवल्यांनी भरलेल्या हाताने फोन धरता येत नाही, त्यांच्या ट्रॉलरवरचे फोन पाण्यात पडायचे. म्हणाले मनगटावर काहीतरी दे. तेव्हा लक्षात आलं की बाइटकोड आता कुठेही नेता येतो. कंपायलर फोनवर, बाइटकोड घड्याळावर, तिथे फक्त इंटरप्रिटर. नाक दाबून झालं ते पुढे कामाला आलं. फोन 64 बिटचा आणि आम्ही घेतलेल्या घड्याळांवरचं अँड्रॉइड 32 बिटचं, तर मी बाइटकोडमध्ये पत्त्यांना आठ बाइट दिले होते ते चारवर आणले. मग बॅटरी. आमच्या पास्कलवाल्यांची जुनी सवय, रिपीट अनटिल कीप्रेस्ड, बटण दाबेपर्यंत गोल गोल फिरत राहायचं. फोनवर कुणाला कळत नाही, घड्याळ दुपारी बारालाच बंद. आता इंटरप्रिटर ते ओळखून झोपतो, बटणाने उठतो. ओल्या बोटांना टचस्क्रीन फसतं म्हणून मोजणी बाजूच्या खऱ्या बटणावर घेतली. आणि गोल डायल! राइटलाइनची, म्हणजे स्क्रीनवर ओळ छापणाऱ्या पास्कलच्या आज्ञेची, पहिली ओळ डाव्या कोपऱ्यात सुरू होते, पण गोल डायलला तो कोपराच नाही. एररचा ओळ नंबर नेमका तिथेच छापला जायचा. घड्याळावर काही करणार असाल तर आधी चौकोनी चौकट विसरा, प्रत्येक ओळीची रुंदी वेगळी धरा.

गेलेल्यांतली काही गिऱ्हाईकं परत आलीत. मी त्यांना जुन्याच दराने घेतलं.

31 जुलैला मासेमारीची बंदी संपली आणि दुसऱ्या दिवशी मी मालीमला गेलो होतो. काकांच्या भाच्याच्या ट्रॉलरवर तीन खलाशांच्या हातात आमची घड्याळं होती. काकांनी परवा स्वतः लिहिलेला नियम पाठवलाय, बर्फाच्या लाद्या मोजायचा, अकरा ओळी. सातव्या ओळीत सेमीकोलन राहिला होता. घड्याळावर ओळीचा नंबर पूर्ण दिसला असं म्हणाले.