गॉथमसाठी ब्राँक्सला जाताय? जिन्याचे पैसे कुणाला देऊ नका

माणशी ७५ डॉलर. मी आणि माझा भाचा, म्हणजे दीडशे. "बॅटमनच्या गोष्टींतलं खरं गॉथम शहर दाखवतो" म्हणणाऱ्या एका गाइडला एवढे पैसे मोजून आम्ही न्यू यॉर्कमध्ये अडीच तास हिंडलो आणि शेवटी त्यानं आम्हाला ब्राँक्समधल्या एका जिन्यापाशी आणून सोडलं. मॅनहॅटनमधून तिथवर सबवेचं तिकीट तेव्हा २.९० डॉलर होतं. म्हणून हे लिहितेय.

वाटेत एका उंच इमारतीकडे बोट दाखवून तो "हाच वेन टॉवर" म्हणाला, म्हणजे बॅटमनच्या कंपनीचं मुख्यालय. भाचा तिथेच बिथरला. 'बॅटमन बिगिन्स'मध्ये वेन टॉवर म्हणून दिसते ती शिकागोची बोर्ड ऑफ ट्रेडची इमारत. दिग्दर्शक ख्रिस्तोफर नोलनच्या पहिल्या दोन बॅटमन सिनेमांतलं गॉथम बघायचं असेल तर शिकागोला जा, लोअर वॅकर ड्राइव्ह आणि लासाल स्ट्रीट पायी फिरा. न्यू यॉर्कमध्ये ते शोधू नका.

आता तो जिना. २०१९च्या 'जोकर' या गॉथममध्येच घडणाऱ्या सिनेमात नायक नाचत उतरतो तोच. पश्चिम १६७व्या रस्त्यावर, शेक्सपिअर आणि अँडरसन या दोन अव्हेन्यूंना जोडणारा. ४ नंबरची गाडी पकडा, यांकी स्टेडियमच्या पुढचं स्टेशन १६७, उतरून थोडं चाला की आलाच. ब्राँक्सचा हा भाग चढउताराचा आहे. नकाशावर सरळ रस्ता दिसतो तिथे प्रत्यक्षात पायऱ्या निघतात, त्याला तिकडे 'स्टेप स्ट्रीट' म्हणतात. म्हणजे हा लोकांचा रोजचा रस्ता आहे.

आम्ही पोचलो जुलैच्या भर दुपारी. दोन्हीकडे इमारती, वाऱ्याचं नाव नाही, लोखंडी कठड्याला हात लावला तर चटका. गाइडनं फोटोसाठी दोनदा वर-खाली करायला लावलं. दुसऱ्या खेपेला माझ्या पोटऱ्या थरथरायला लागल्या. मधल्या टप्प्यावर पंधरा-वीस जण पोज देत उभे. त्यांच्या मागे एक आजी दोन्ही हातांत दुधाचे कॅन घेऊन खोळंबल्या होत्या. कॅनच्या कडीखाली त्यांची बोटं पांढरी पडली होती, आणि कुणी सरकत नव्हतं. भाच्यानं एक कॅन घेतला आणि वरपर्यंत पोचवला. मला त्या गर्दीत उभं राहायचीच लाज वाटली. जायचंच असेल तर सकाळी लवकर जा, दहा मिनिटांत आटपा, कठड्याची बाजू मोकळी ठेवा.

आणि एवढं करून गॉथम तिथे नाहीच! ते त्याच ४ नंबरच्या गाडीनं पुढे, किंग्सब्रिज रोडला आहे. उतरून पूर्वेला ग्रँड कॉन्कोर्सपर्यंत चाला, तिथे पो पार्क आहे. अमेरिकन लेखक एडगर ॲलन पोचं शेवटचं घर तिथेच जपलंय. त्याची बायको व्हर्जिनिया १८४७मध्ये त्याच घरात वारली. याच बागेत लेखक बिल फिंगर आणि चित्रकार बॉब केन बसायचे आणि बॅटमनच्या गोष्टी रचायचे. शहराला नाव हवं होतं. टेलिफोनच्या डिरेक्टरीत 'गॉथम ज्वेलर्स' दिसलं आणि फिंगरनं ते उचललं, कारण न्यू यॉर्क म्हटलं असतं तर दुसऱ्या गावच्या वाचकाला ते आपलं वाटलं नसतं. गंमत म्हणजे गॉथम हे न्यू यॉर्कचंच जुनं टोपणनाव, लेखक वॉशिंग्टन अर्व्हिंगनं १८०७मध्ये रूढ केलेलं.

बॅटमन १९३९ साली आला. निर्माता म्हणून नाव लागत राहिलं एकट्या केनचं. फिंगर १९७४मध्ये गेला आणि अधिकृत श्रेय मिळालं २०१५मध्ये. आमच्या गाइडनं अडीच तासांत त्याचं नाव एकदाही घेतलं नाही. याचा राग मला दीडशे डॉलरपेक्षा जास्त आहे.

मॅनहॅटनचे बाकीचे तीन दिवस छान गेले, ते तुम्हाला कुठेही वाचायला मिळेल.

बागेच्या दक्षिण टोकाला, पूर्व १९२व्या रस्त्याच्या कोपऱ्यावर मान वर करून खांबाकडे बघा. नेहमीच्या रस्त्यांच्या पाट्यांमध्येच एक पाटी आहे, 'बिल फिंगर वे'. माझे पाय सुजले होते तरी मी अर्धा तास तिथून हलले नाही. भाच्यानं पाटीचा एकच फोटो काढला आणि मग बाकावर बसून वहीत वटवाघूळ काढत राहिला. पाण्याची बाटली आणि टोपी बरोबर ठेवा.