फुकटचा गाळ आणि झेंडूची जांभळी पानं

नाशिकच्या मखमलाबादला आमची छोटी रोपवाटिका आहे. जलशुद्धीकरण केंद्रावरचा ओळखीचा ऑपरेटर म्हणाला, "दादा, वाळलेला गाळ नुसता पडलाय, न्या की कुंड्यांना." मी हुरळलो. धरणातला गाळ शेतकरी ट्रॉल्या भरभरून नेतात, हाही त्याच गंगापूर धरणाच्या पाण्यातला!

तिथंच चुकलो. धरणातला गाळ म्हणजे वाहून आलेली माती. केंद्रावरच्या गाळात मातीबरोबर तिला तळाशी बसवणारी तुरटी किंवा पीएसी (पॉलिॲल्युमिनियम क्लोराइड) ही उतरते, ॲल्युमिनियम हायड्रॉक्साइड बनून. शिवाय पाण्यातून नि खुद्द तुरटीतून आलेले थोडेफार धातू.

बायको म्हणाली, आधी तपासून घे. लॅबवाल्यानं माझी एक मूठ परतच केली. वाळवणीच्या वाफ्यातून पाच-सहा ठिकाणचा, वरचा-खालचा गाळ मिसळून आणा म्हणाला. गोदावरी गढूळ झाली की तुरटीचा डोस वाढतो, म्हणून पावसाळ्यातला गाळ वेगळा तपासायचा. शिसं, कॅडमियम, क्रोमियम, आर्सेनिक एकूण किती आणि त्यातलं पाण्यात सुटतं किती, असे दोन्ही आकडे घेतले. रिपोर्ट ठीक आला. ॲल्युमिनियमची धास्ती होती, पण मातीचा सामू (पीएच) साधारण 5.5 च्या खाली गेला तरच ते विरघळून मुळांना जाचतं. आपली काळी माती अल्कधर्मी.

मग झेंडूच्या कुंड्या भरल्या. काहींत दहात एक भाग गाळ, काहींत चारात एक, काहींत निम्मा. महिन्याभरात निम्म्याच्या कुंड्यांतली रोपं खुजी, पानं खालून जांभळी. घोर धातूंचा लागला होता, घोडं अडलं स्फुरदावर, म्हणजे फॉस्फरसवर! ॲल्युमिनियम हायड्रॉक्साइड स्फुरद घट्ट धरून ठेवतं. वरून सुपर फॉस्फेट दिलं, तेही गाळानंच गिळलं.

आता दहात एकच्या वर जात नाही, तेही फुलझाडांनाच. भाजीच्या रोपांना अजिबात नाही. उरलेला गाळ जाळीच्या पिशव्यांत भरून, खताचं पाणी ओढ्याकडे नेणाऱ्या चरात ठेवलाय. तिथं त्यानं खुशाल स्फुरद गिळावं. फक्त खडे कडक वाळलेले हवेत. ओला गाळ खळीसारखा बसतो आणि चर तुंबतो.

दर खेपेला नवा नमुना लॅबला जातो. ऑपरेटर हसतो, "चार आण्याची कोंबडी, बारा आण्याचा मसाला!" लॅबचं बिल त्याला अजून दाखवलेलं नाही.