मदतनिधीसाठी मॉडेल विमानं: मैदानावरचा एक दिवस आणि पुढच्यांसाठी तयारी

क्लबच्या नेहमीच्या उड्डाणाचं सामान घेऊन मदतनिधीच्या दिवसाला गेलात तर भर दुपारी बॅटऱ्या संपतात. या दिवशी येणारे बहुतेक लोक मॉडेल विमान पहिल्यांदाच जवळून बघत असतात. जेटच्या वेगाला आणि थ्रीडी कसरतींना (विमान हवेत जागच्या जागी लटकवणं वगैरे) टाळ्या भरपूर पडतात, पण देणगीची पेटी भरते ती बडी बॉक्सच्या, म्हणजे शिक्षक आणि शिकणारा यांच्या एकमेकांना जोडलेल्या दोन रिमोटच्या, रांगेमुळे. पैसे भरायचे आणि शिक्षकाच्या देखरेखीखाली स्वतः विमान उडवायचं, एवढं साधं आकर्षण. आमच्या दिवशी सकाळी साडेनऊला लागलेली ती रांग शेवटपर्यंत तुटली नाही. म्हणून तयारी त्या रांगेपासून सुरू करा.

गणित असं. १.४ मीटर पंखांचं, वर पंख असलेलं फोमचं ट्रेनर (शिकण्याचं विमान) ३एस २२०० एमएएच लायपोवर, म्हणजे तीन सेलच्या लिथियम-पॉलिमर बॅटरीवर, हलक्या थ्रॉटलने (मोटरचा वेग कमी ठेवून) सहज ८ मिनिटं उडतं. चढायला १ मिनिट, दोन जणांना ३-३ मिनिटं, उतरायला १. बॅटरी बदलून पुढच्याला समजावण्यात ४ मिनिटं. म्हणजे तासाला ५ उड्डाणं, १० माणसं. १सी दराने (२२०० एमएएचला २.२ अँपिअर), बॅलन्ससह (सगळे सेल सारखे भरत), एक बॅटरी भरायला तास-सव्वा तास लागतो. तेव्हा एका विमानामागे ८ बॅटऱ्या हव्यात: १ विमानात, १ थंड होत असलेली, ६ चार्जिंगवर. उतरलेली बॅटरी गरम असताना चार्जरला लावू नका. हाताला कोमट लागेनाशी होईपर्यंत थांबा.

आमच्या मैदानावर वीज नव्हती, बहुतेक ठिकाणी नसतेच. वरच्या हिशेबाने १२ व्होल्टच्या बॅटरीतून तासाला साधारण १० अँपिअर-तास जातात. १०० अँपिअर-तासाची डीप सायकल लेड-अ‍ॅसिड बॅटरी निम्म्याखाली उतरवायची नाही असं धरलं तर ५ तास मिळतात. गाडीच्या बॅटरीवर चार्जर लावण्याचा मोह टाळा. ती स्टार्टरला क्षणभर मोठा करंट देण्यासाठी बनवलेली असते. खोल उतरवली की लवकर खराब होते, आणि संध्याकाळी गाडी सुरू होत नाही.

प्रवासी विमानाने जाणार असाल तर सुट्या लायपो हँडबॅगेतच ठेवाव्या लागतात, कनेक्टरची टोकं झाकून. १०० वॉट-तासांपर्यंत सहसा अडत नाही. ३एस २२०० म्हणजे २४ वॉट-तास, पण ६एस ५००० म्हणजे १११. तिला एअरलाइनची आधी परवानगी लागते. रस्त्याने जाताना धोका उन्हाचा. बंद गाडीत फोमचे पंख वाकतात, पंखांवर चिकटवलेल्या प्लॅस्टिक फिल्मला सुरकुत्या पडतात. पंख वेगळे करून, उभे न ठेवता आडवे, मऊ कापडावर ठेवा.

जोडणी झाली की घाई करायची नाही. पंख रबर बँडने बांधायचे असतील तर दीड मीटरच्या ट्रेनरला १२ ते १४ बँड लावा आणि शेवटचे दोन आडवे-तिडवे, म्हणजे बाकीचे निसटत नाहीत. तेलकट झालेले बँड फेकून द्या. गुरुत्वमध्य पंखाच्या पुढच्या कडेपासून रुंदीच्या २५ ते ३३ टक्क्यांत आहे का ते बोटांवर तोलून बघा, तेही बॅटरी आत बसवून. मग कंट्रोल. स्टिक उजवीकडे नेली की उजवं एलेरॉन (पंखाच्या मागच्या कडेची हलती पट्टी) वर गेलंच पाहिजे. हे दर वेळी विमानाच्या मागे उभं राहून बघा. ट्रान्समीटरमध्ये (हातातल्या रिमोटमध्ये) दुसऱ्याच मॉडेलची मेमरी राहिली की एलेरॉन उलटं होतं. जमिनीवर सगळं हलताना दिसतं, म्हणून ते लक्षात येत नाही, आणि विमान उचललं की दोन सेकंदांत पालथं होतं. रेंज मोडमध्ये (सिग्नल मुद्दाम कमी करून) ३० पावलांवरून तपासणी करा. फेलसेफला, म्हणजे सिग्नल तुटल्यावर, थ्रॉटल पूर्ण बंद होतं का, तेही प्रॉप काढून बघा.

आता बडी बॉक्स. विमानातला रिसीव्हर शिक्षकाच्या ट्रान्समीटरशी जोडलेला असतो. स्प्रिंगचा स्विच दाबून धरला की ताबा शिकणाऱ्याकडे, सोडला की परत. दोन वेगळ्या कंपन्यांचे ट्रान्समीटर तारेने जोडले की सर्वात आधी चॅनेलचा क्रम बघा. फुताबाचा क्रम एलेरॉन, एलेव्हेटर (नाक वर-खाली करणारा), थ्रॉटल, रडर (नाक डावी-उजवीकडे वळवणारा). स्पेक्ट्रमचा थ्रॉटल, एलेरॉन, एलेव्हेटर, रडर. हे जुळवलं नाही तर पोराने थ्रॉटलला हात लावला की एलेरॉन हलतं. ट्रिमही, म्हणजे स्टिक मधे असतानाची कंट्रोलची बारीक जुळणी, दोन्हीकडे सारखी करा. स्विच दाबताच विमान झटका देत असेल तर ट्रिम जुळलेली नाही. थ्रॉटल शिक्षकाकडेच ठेवा. नवख्याला फक्त एलेरॉन आणि एलेव्हेटर पुरे.

उंची अशी हवी की चूक झाली आणि ती सावरताना दुसरी झाली तरी खाली जागा उरेल; ६० मीटर ठीक. ‘वळव’ म्हणण्यापेक्षा ‘स्टिक थोडी ढकल आणि मधे आण’ म्हणा. पहिल्यांदा उडवणारा प्रत्येक जण स्टिक वळवून तशीच धरून ठेवतो. विमान समोरून येताना डावं-उजवं उलटं होतं, तेव्हा एकच सूचना चालते: जो पंख खाली झुकलाय, त्याच्या बाजूला स्टिक ने. आठ-नऊ वर्षांच्या मुलांना हे लगेच कळतं. त्यातली एक चिमुरडी तर तिसऱ्या फेरीत न सांगता वळण सरळ करत होती.

फ्लाइट लाइनवर (वैमानिक उभे राहतात त्या रेषेवर) प्रत्येक वैमानिकामागे एक नजर ठेवणारा हवाच. ‘टेकऑफ’, ‘लँडिंग’, ‘इंजिन बंद’, ‘रनवेवर माणूस’ या हाका मोठ्याने द्यायच्या. इंजिन बंद पडलेल्याला आधी जागा द्यायची, बाकीच्यांनी वर थांबायचं. ग्लो इंजिनवाल्यांसाठी (मिथेनॉलवर चालणारी छोटी इंजिनं) एक गंभीर सूचना: मिथेनॉलची ज्योत उन्हात दिसत नाही. सांडलेलं इंधन पेटलं तर हवेची थरथर आणि फिल्मचं आक्रसणं हीच खूण. अग्निशामक पिटमध्ये (विमानं तयार करण्याच्या जागी) हाताच्या अंतरावर ठेवा आणि लायपोसाठी वाळूची बादली वेगळी.

दुपारी विमानातून केलेल्या छोट्या पॅराशूटच्या वर्षावाला मुलांची सर्वाधिक गर्दी झाली. पॅराशूटची, सर्वोने (रिमोटवर चालणाऱ्या छोट्या मोटरने) उघडणारी पेटी गुरुत्वमध्याच्या बरोबर खाली बसवा, नाहीतर ती रिकामी होताच विमानाचं नाक उचललं किंवा दबलं जातं. ३० मीटरवरून ४ मीटर/सेकंदाने उतरणारं पॅराशूट साडेसात सेकंद हवेत राहतं. वारा ३ मीटर/सेकंद असेल तर २२ मीटर सरकतं. म्हणून वारा जिकडून येतो तिकडे तेवढं सरकून पेटी उघडा. दोरीमागची मुलं विमान उतरून प्रॉप थांबेपर्यंत सोडू नका. पॅराशूट जमिनीवर पडताच धाव सुरू होते, म्हणून दोरीला चार मोठी माणसं लागतात. दोघांनी निभत नाही.

निघण्याआधी देणगीची पेटी दोघांनी मिळून मोजून आकडा लिहून सह्या कराव्यात. तुटलेल्या प्रॉपचे तुकडे गवतातून वेचून घ्या. उरलेल्या बॅटऱ्या भरलेल्या तशाच ठेवू नका. चार्जरच्या स्टोरेज मोडमध्ये प्रत्येक सेल ३.८ ते ३.८५ व्होल्टवर आणा आणि फुगलेली बॅटरी बाकीच्यांपासून वेगळी, न पेटणाऱ्या डब्यात न्या.