इंजिन सोडून सगळं घरचं

घरी रॉकेट केलंय असं व्हिडिओ कॉलवर सांगितलं की काकांचा पहिला प्रश्न ठरलेला: "अरे, दारू कुठून आणलीस?"

दारूला मी हातही लावत नाही. भरलेलं इंजिन दुकानातून आणतो, आणि या छंदाची सगळी मेख तिथेच आहे. १९५७ साली स्पुटनिक वर गेला तशी अमेरिकेतली शाळकरी पोरं नळ्यांमध्ये काहीबाही ठासून उडवायला लागली आणि भाजून घ्यायला लागली. नेब्रास्कातल्या ऑरव्हिल कार्लाईल नावाच्या बुटांच्या दुकानदाराने त्याआधीच कागदी नळीचं रॉकेट आणि बदलता येणारं इंजिन अशी जोडी जमवली होती. मग व्हर्न एस्टेसने अशी इंजिनं भराभर भरणारं यंत्र बनवलं. त्या यंत्राचं नाव मेबल! त्याची कंपनी ज्या पेनरोज गावात वाढली, ते आमच्या कोलोरॅडो स्प्रिंग्सपासून गाडीने तासाभराच्या आत.

बाकीचं रॉकेट घरचं. नाक, पंख, इंजिनाची बैठक थ्री-डी प्रिंटरवर छापतो. नळी मात्र पुठ्ठ्याचीच, कारण छापलेली जड पडते. पंख आडवे झोपवून छापायचे. उभे छापले तर थरांची शिवण नेमकी मुळाशी येते आणि उतरताना आपटले की कटकन तुटतात. पीएलए, म्हणजे छपाईचं प्लास्टिक, साठेक अंशांना मऊ पडतं, म्हणून बैठकीत इंजिनाभोवती कागदी नळी हवीच.

छापलेल्या पंखांनी शेपूट जड होते, ही खरी डोकेदुखी. गुरुत्वमध्य हवेच्या दाबमध्याच्या, म्हणजे हवेचा जोर जिथे एकवटतो त्या बिंदूच्या, निदान नळीच्या एका व्यासाइतका पुढे हवा, नाहीतर रॉकेट कोलांट्या खातं. ओपनरॉकेट हे फुकटचं सॉफ्टवेअर सगळा हिशेब करून देतं. मग नाकात माती भरायची. तरी मी दोरी बांधून ते डोक्याभोवती गरगर फिरवून बघतोच. नाक पुढे राहिलं की पास. शेजारी बघतात, बघू देत.

इंजिनावर सी६-५ लिहिलेलं असतं. सी हा ताकदीचा गट, ६ म्हणजे सरासरी सहा न्यूटन जोर, आणि ५ म्हणजे जळण संपल्यावर पाच सेकंदांनी उडणारा छोटा बार. तो नाक ढकलून पॅराशूट बाहेर काढतो. पॅराशूट भाजू नये म्हणून मध्ये न पेटणारा कागद कोंबायचा. पंधरा फूट मागे उभं राहून उलटी मोजणी करायची, बटण दाबायचं. फुस्स! दोन सेकंदांत जळण संपतं आणि मान दुखेपर्यंत वर बघत बसायचं. वारा असला तर पॅराशूटऐवजी रिबीन लावतो. रॉकेट जरा जोरात आपटतं, पण निदान आपल्याच मैदानात.

उन्हाळ्यात मात्र इथलं गवत वाळतं, आगबंदी लागली की सगळं ठप्प. आई-बाबा दरवेळी नेमके जूनमध्ये येतात आणि रॉकेट कपाटावरच बघतात. यंदा तिकीट ऑक्टोबरचं काढायला सांगितलंय. आईला कारण सांगितलंय पानगळीचं.